त्रिकोणांची गोधडी : माप, माया आणि जोडकाम

कापडाचे तुकडे एकत्र शिवणे ही कृती एकच. पण आपल्या भाषेत तिला दोन नावे आहेत. फाटले म्हणून वरून लावले तर ते ठिगळ, आणि आधी मोजून, कापून, रचून शिवले तर ते जोडकाम. ठिगळात गरज दिसते, जोडकामात योजना दिसते. शिवणवर्गात त्रिकोणी तुकड्यांची गोधडी शिकवताना हा फरक आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. स्मरणिकेच्या निमित्ताने तोच पाठ माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधवांपुढे ठेवीत आहोत. ज्यांना गोधडी शिवायची आहे त्यांना यातून माप मिळेल. ज्यांना शिवायची नाही त्यांना निदान तिची किंमत कळेल.

चीवराचे जोडकाम

जोडकामाचा आपल्या परंपरेतील सर्वांत जुना पाठ विनयपिटकात आहे. महावग्गाच्या चीवरखंधकात अशी हकिगत येते की, भगवान बुद्ध राजगृहाहून दक्षिणागिरीकडे चारिका करीत असता त्यांना मगधातील शेते दिसली. बांधांनी आखलेल्या, लहानमोठ्या वाफ्यांनी जोडलेल्या त्या शेतांकडे पाहून त्यांनी आनंदाला विचारले की, भिक्षूंची चीवरे अशा रचनेने करता येतील काय? आनंदाने तशी चीवरे शिवून दाखविली. लांब पट्टीला कुसी, आखूड पट्टीला अड्ढकुसी, मोठ्या वाफ्याला मंडल आणि लहान वाफ्याला अड्ढमंडल अशी त्याच्या भागांची नावे आहेत. थोडक्यात सांगितलेले आनंदाने विस्ताराने जाणले, म्हणून भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. कापून जोडलेल्या वस्त्राचा चोराला लोभ वाटत नाही, हाही त्यातील एक विचार होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चीवरात त्रिकोण नाही. त्याची सारी रचना काटकोनी पट्ट्यांची आहे. तेव्हा त्रिकोणांची गोधडी चीवरातून निघाली असे म्हणणे चुकीचे होईल. चीवराकडून आपण घ्यायचे ते तत्त्व आहे : तुकडा लहान असला तरी त्याला रचनेत नेमकी जागा असते, आणि ती जागा आधी ठरवावी लागते.

एक रास्त आक्षेप

जोडकाम शिकवू लागलो तेव्हा काही पालकांनी आक्षेप घेतला. "आमच्या आयांनी आयुष्यभर ठिगळेच लावली, मुलींना पुन्हा चिंध्या कशाला हाती देता?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे, आणि गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा आपल्या माणसांचा 'हक्क' म्हणून त्यांच्या माथी मारला जात असे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी आणि स्वच्छतेविषयी भाषण केले, ते उगीच नव्हे. अंगावरचे कापड माणसाची पायरी ठरविण्यासाठी वापरले जात होते. ती खूण पुसायची होती.

प्रारंभीचे भिक्षूही स्मशानातील आणि उकिरड्यावरील कापड वेचून पांसुकूल चीवर शिवत. दोन्हीकडे टाकलेलेच कापड आहे. फरक निवडीचा आहे. भिक्षूने ते स्वतःहून स्वीकारले होते, आपल्या आजीवर ते लादले गेले होते. म्हणून आम्ही एक नियम पाळतो. मुलींनी शिकताना अंगावरचे कपडे जोडायचे नाहीत. जोडायची ती गोधडी. आणि कापड फाटके असेल तर त्यातील धड भागच घ्यायचा. उरलेले कापड वापरणे ही काटकसर आहे. कुजके कापड वापरणे ही लाचारी आहे, आणि तशी गोधडी दोन धुण्यांत फाटतेही.

त्रिकोणच का?

चौकोन जोडणे सोपे असते. मग त्रिकोणाची खटपट कशासाठी? पहिले कारण सोय. बाही, गळा आणि कळ्या कापल्यावर शिंप्याकडे जे कपटे उरतात त्यांत तिरके कोपरेच जास्त असतात. चौकोन काढायला गेले तर निम्मे कापड वाया जाते. दुसरे कारण रचना. गडद आणि फिका असे दोन त्रिकोण जोडून झालेला एक चौकोन चार दिशांना फिरविता येतो. असे चारच चौकोन घेतले तर त्यांतून भिंगरी होते, शंकरपाळी होते, नागमोडी पट्टा होतो. माप एक, शिवण एक, आणि नक्षी मात्र अनेक. सिंध, राजस्थान आणि गुजरातमधील रल्ली याच त्रिकोण-चौकोनांच्या जोडकामासाठी प्रसिद्ध आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कवंडी शिवताना कडेपासून आरंभ करून आत मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुला' लावल्याशिवाय ती पूर्ण मानीत नाहीत.

अडचण आहे ती उरेबाची. कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे असतात. त्या धाग्यांच्या रेषेत कापलेली कड ताणत नाही. पण कर्णरेषेत, म्हणजे ४५ अंशांत कापले की कड उरेब होते आणि हाताच्या साध्या ओढीनेही लांबते. त्रिकोणाची एक तरी बाजू उरेब असणारच. तेव्हा त्रिकोण जोडण्याची सारी विद्या एका वाक्यात सांगता येते : उरेब कड आतल्या शिवणीत जावी आणि सरळ धाग्याची कड बाहेर राहावी.

सात सुतांचा हिशेब

शिंप्याच्या टेपवर एका इंचाचे आठ सूत. जोडकामात शिवणीसाठी प्रत्येक कडेला २ सूत, म्हणजे पाव इंच माया सोडतात. साध्या चौकोनाला दोन बाजूंची मिळून ४ सूत माया लागते. ४ इंचांचा तयार चौकोन हवा असेल तर कापड साडेचार इंचांचे कापावे.

त्रिकोणाला मात्र ४ सूत पुरत नाहीत. येथेच नवशिके अडखळतात आणि मग टोके शिवणीत जाऊन बोथट होतात. कारण भूमितीत आहे. काटकोनाच्या कोपऱ्यात माया सरळ २ सूतच वाढते. पण ४५ अंशांचे टोक निमुळते असते. तेथे कडेपासून २ सूत माया ठेवायची तर टोक बाजूच्या रेषेत ४.८३ सूत पुढे न्यावे लागते. २ आणि ४.८३ मिळून ६.८३. टेपवर एवढे बारीक माप नाही, म्हणून ७ सूत धरायचे. नियम असा झाला : तयार चौकोनाच्या मापात ७ सूत मिळवून चौकोन कापावा आणि तो कर्णावर दोन भाग करावा. ४ इंचांच्या तयार चौकोनासाठी ४ इंच ७ सुतांचा चौकोन.

काही नक्षींत याउलट त्रिकोणाचा कर्णच बाहेरच्या कडेला येतो. उदाहरणार्थ, अमेरिकेतील स्त्रिया ज्याला 'उडते हंस' म्हणतात आणि आमच्या वर्गात ज्याला डोंगर म्हणतात, तो आयत. मधोमध एक मोठा त्रिकोण, दोन अंगांना दोन लहान. येथे मोठ्या त्रिकोणाचा कर्ण सरळ धाग्यात हवा. म्हणून मोठा चौकोन घेऊन त्याचे दोन्ही कर्णांवर चार भाग करतात. आता कर्णाची दोन्ही टोके निमुळती, म्हणून वाढ ४.८३ ची दुप्पट, म्हणजे ९.६६ सूत, व्यवहारात १० सूत. ८ इंच रुंद आणि ४ इंच उंच असे चार डोंगर करायचे तर ९ इंच २ सुतांचा एक चौकोन चार भागांत कापावा आणि ४ इंच ७ सुतांचे चार चौकोन प्रत्येकी दोन भागांत कापावेत. चार मोठे आणि आठ लहान त्रिकोण मिळतात. कापड जराही उरत नाही.

हे ७ आणि १० सूत मुलींना पाठ करायला आम्ही सांगत नाही. कागदावर त्रिकोण काढून माया आखायला सांगतो. एकदा आकृती हाताखालून गेली की आकडा विसरला तरी पुन्हा काढता येतो.

कापणे आणि जोडणे

कापड प्रथम भिजवून, आटवून, वाळवून घ्यावे. नवे सुती कापड जुन्यासोबत शिवले आणि नंतर एकटेच आटले तर गोधडीला सुरकुत्या पडतात. गडद रंगाचे कापड ओले असताना पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे. रंग जात असेल तर ते वेगळे ठेवावे. मग भाताच्या पेजेची पातळ खळ देऊन इस्त्री करावी. खळीने उरेब कड ताठ राहते. खळ लावून कापलेले आणि खळीविना कापलेले त्रिकोण दोन्ही हातांत देऊन आम्ही मुलींना ओढून पाहायला सांगतो. त्यानंतर खळीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

सुटे त्रिकोण कापून मग जोडण्याऐवजी पुढील रीत अधिक निर्धोक आहे, कारण तिच्यात उरेब कड शिवून झाल्यावरच उघडी पडते.

एक गडद आणि एक फिका, ४ इंच ७ सुतांचे दोन चौकोन सुलट बाजू आत करून एकमेकांवर तंतोतंत ठेवावेत. फिक्या कापडाच्या उलट बाजूवर, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत शिसपेन्सिलीने कर्ण आखावा. या रेषेच्या दोन्ही अंगांना, रेषेपासून २ सूत अंतरावर एकेक टीप मारावी. मशीन नसेल तर बारीक धावदोरा घालून दर तीन-चार टाक्यांनंतर एक उलट टाका घ्यावा. मग आखलेल्या रेषेवर कात्री चालवावी. दोन चौकोन उघडतील, प्रत्येक अर्धा गडद, अर्धा फिका. शिवणीची माया गडद बाजूकडे वळवून इस्त्री ठेवावी. इस्त्री सरकवू नये. दाबून उचलावी आणि पुढे ठेवावी. सरकविल्याने उरेब ताणते. चौकोन साडेचार इंचांना गुण्याने तपासावा, केसभर जास्त निघाले तर कडा छाटाव्यात, आणि शिवणीच्या दोन टोकांना बाहेर आलेले कान कापून टाकावेत.

नवशिक्यांनी ७ सुतांऐवजी पूर्ण इंच मिळवून ५ इंचांचे चौकोन घ्यावेत आणि शिवून झाल्यावर साडेचार इंचांना छाटावेत. थोडे कापड जाते, पण माप बिनचूक येते. छाटताना गुण्याची ४५ अंशांची कड तिरक्या शिवणीवर बसवावी. बाहेरच्या कडेवरून मोजले तर कर्ण कोपऱ्यातून सरकतो.

पूर्ण गोधडीचे माप

आमच्या वर्गात ४ फूट रुंद आणि ५ फूट ४ इंच लांब गोधडी करतात. तिचा हिशेब असा. रुंदीत ४ इंचांचे १२ चौकोन, लांबीत १६, एकूण १९२. दोन-दोन चौकोन एकदम निघत असल्याने ९६ गडद आणि ९६ फिके चौकोन कापावे लागतात. कापडाचा पन्हा ३६ इंचांचा असेल तर एका ओळीत ७ चौकोन बसतात. ९६ चौकोनांना १४ ओळी. ५ इंचांचे चौकोन घेतले तरी ७० इंच कापड लागेल. म्हणजे प्रत्येक रंगाचे २ मीटर पुरते. उरलेल्या तुकड्यांतून करायची असेल तर रंग कितीही असोत. फक्त प्रत्येक जोडीत एक गडद आणि एक फिका असावा. रंग ओळखता येईना तर डोळे किलकिले करून पाहावे. गडद-फिके लगेच वेगळे होतात.

चार चौकोनांची एक भिंगरी याप्रमाणे ४८ भिंगऱ्या होतात. भिंगरीच्या मध्यबिंदूशी आठ त्रिकोणांची टोके एकत्र येतात. मुली तिला आठ आऱ्यांचे चक्र म्हणतात. नाव गोड आहे, पण तेथे कापडाचे थरावर थर साचतात, म्हणून शेजारच्या शिवणींची माया परस्परविरुद्ध दिशांना वळवावी. तशी वळविली की दोन शिवणी एकमेकींत खाचेसारख्या बसतात आणि टोके आपोआप जुळतात. सारे चौकोन प्रथम जमिनीवर मांडून लांबून पाहावेत, मगच ओळी जोडाव्यात. एक चौकोन उलटा फिरला तरी भिंगरी मोडते, आणि ती चूक शिवल्यानंतरच दिसते.

माया २ सुतांऐवजी ३ सूत गेली तर काय होईल, असे मुली विचारतात. एक सूत म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही बाजूंना एकेक सूत गेले तर १२ चौकोनांत २४ सूत, म्हणजे ३ इंच रुंदी कमी होते. एका ओळीत माया जास्त आणि दुसऱ्या ओळीत बरोबर असेल तर त्या ओळी एकमेकींशी जुळतच नाहीत. शिस्त म्हणजे काय हे सांगण्यासाठी आम्हांला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

जोडकाम झाल्यावर अस्तर चारही बाजूंनी २ इंच मोठे घ्यावे. झाडून पुसलेल्या जमिनीवर ते उलटे पसरून त्यावर जुन्या मऊ लुगड्याचे किंवा धोतराचे थर अंथरावेत आणि वर जोडकाम ठेवावे. मध्यापासून कडेकडे हात फिरवून हवा आणि सुरकुत्या काढाव्यात, कच्चे टाके घालावेत, आणि मग जाड दोऱ्याने बोटभर अंतराच्या ओळी शिवाव्यात. शेवटी अस्तराची वाढीव कड वर दुमडून शिवली की वेगळी गोट लागत नाही.

उरलेल्याचे काय?

छाटलेले कान आणि पट्ट्या फेकू नयेत. चुल्लवग्गात कोसंबीचा राजा उदेन आणि आनंद यांचा संवाद आहे. राण्यांनी आनंदाला पाचशे उत्तरासंग दिले, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे काय करणार असे राजाने विचारले. जीर्ण चीवरे झालेल्या भिक्षूंना वाटू, असे आनंद म्हणाला. आणि ती जीर्ण चीवरे? त्यांची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणे, अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ पुसायची फडकी; आणि फडकीही जीर्ण झाली की ती कुटून चिखलात कालवून जमीन लिंपू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. काटकसर कंजुषीहून वेगळी कशी, हे या संवादात दिसते : आनंद कापड साठवून ठेवीत नाही, ते एका उपयोगातून दुसऱ्या उपयोगाकडे नेतो. आमच्या वर्गातील कपटेही उशांत भरले जातात आणि उशा भरून उरले तर पायपुसण्यांत.

कष्टाची किंमत

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. गुलामांच्या वंशातील तेथील स्त्रिया कामाचे जुने कपडे फाडून गोधड्या शिवीत. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ मध्ये, त्या भागातील स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून स्वतःचे उत्पन्न उभे केले. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. ज्या कापडात गरिबी दिसत होती, त्यातच जगाला कला दिसली. पण त्याआधी त्या स्त्रियांनी स्वतः आपल्या कामाला दाम लावला होता, हे विसरू नये.

आपल्याकडे गोधडीचा दाम ठरताना कापड मोजले जाते, हात मोजला जात नाही. वर सांगितलेल्या गोधडीवर एकेक इंच अंतराने लांबीच्या ४७ ओळी घातल्या आणि इंचाला ५ टाके धरले तर सुमारे १५ हजार टाके होतात. त्यात १९२ तिरक्या शिवणी आणि त्यांची जोडणी धरलेली नाही. आमच्या विद्यार्थिनींना वहीत गोधडीचा हिशेब लिहायला लावतो तेव्हा कापड, दोरा आणि तास असे तीन रकाने असतात. तासांचा रकाना रिकामा ठेवलेला हिशेब आम्ही तपासत नाही. आईने किंवा आजीने फुकट शिवली म्हणून ती गोधडी फुकटची नव्हती. तिचे तास कोणी लिहिले नाहीत, एवढेच.

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी अशी जुनी गोधडी असेल, त्यांनी ती उन्हात टाकण्यापूर्वी एकदा जमिनीवर पसरावी आणि टेप घेऊन बसावे. चौकोन किती, माया किती, ओळींमधले अंतर किती, कोणते कापड कोणाच्या लुगड्याचे, हे शिवणारी हयात असेल तोवर तिला विचारून लिहून ठेवावे. वर्गासाठी धड सुती कापडाचे तुकडेही पाठवावेत. धुतलेले, आणि प्रत्येकी निदान ५ इंचांचे असावेत. त्याहून लहान असतील तर उशांसाठी तेही चालतील.